चर खोदण्याआधी

३० नोव्हेंबर २०२३. अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ मेट्रो ६ चं काम चालू होतं. जमिनीत भोक पाडत खाली निघालेलं यंत्र मुंबई महापालिकेच्या १,८०० मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीत घुसलं. बुटका नसलेला माणूसही आत ताठ उभा राहील, एवढी ती वाहिनी. ती दुरुस्त व्हायला दोन दिवसांहून जास्त वेळ गेला आणि उपनगरांच्या मोठ्या पट्ट्यात लोक बादल्या घेऊन टँकरमागे धावले. त्याआधी ठाण्यात कूपनलिका खोदताना मुंबईला पाणी आणणाऱ्या जलबोगद्यालाच इजा झाली होती. त्या दुरुस्तीसाठी त्याच वर्षी ३१ मार्चपासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. यंत्राचं टोक आणि जमिनीखालची वाहिनी यांची गाठ आधी कागदावर पडायला हवी होती. ती थेट जमिनीत पडली.

ही गाठ कागदावर घालून देणारी व्यवस्था म्हणजे रस्ते खोदाईची परवानगी. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं की पैसे भरले, शिक्का मारला, पिकाव पडला. काही वेळा तसं होतही असेल. पण नीट चालणाऱ्या शहरात या परवानगीमागे बरंच डोकं खर्च झालेलं असतं. जिथे ते खर्च होत नाही, तिथे पैसा पुढे रस्त्यावर खर्च होतो.

मुंबईच्या रस्त्याखाली कोण कोण राहतं ते आधी पाहू. विहार तलावाचं पाणी नळांतून शहरात आलं ते १८६० मध्ये. गॅसचे दिवे रस्त्यावर लागले १८६५ मध्ये, म्हणजे पाठोपाठ गॅसच्या नळ्या. १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज उघडलं. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. पुढे सांडपाण्याच्या वाहिन्या, पावसाळी नाले, वीज कंपन्यांच्या उच्च आणि कमी दाबाच्या केबल, १९९० च्या दशकात स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या वाहिन्या आणि शेवटी ऑप्टिकल फायबरचं जाळं. प्रत्येक पाहुणा आपल्या सोयीने आला, मिळेल त्या जागेत पथारी पसरून बसला. काही जण मरून गेले, पण त्यांच्या वाहिन्या तिथेच आहेत. नकाशावर नसलेली बंद पडलेली लोखंडी नळी खणताना लागली की मुकादम काम थांबवतो, कारण ती जिवंत आहे की मेलेली हे वरून कळत नाही.

मालकही एक नाही. शहर भागात वीज बेस्टची, उपनगरांत अदानीची, काही ठिकाणी टाटा पॉवरची, भांडुप-मुलुंडकडे महावितरणची. दूरसंचार कंपन्या वेगळ्या. आणि खुद्द महापालिकेतच जलअभियंता, मलनिःसारण, पर्जन्य जलवाहिन्या आणि रस्ते अशी चार खाती, जी एकमेकांना शेजाऱ्यांइतकीच ओळखतात. म्हणजे दारात भेटतात तेव्हा.

या सगळ्यांचा रस्त्यावर हक्क आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. रस्ता महापालिकेचा. तिच्या परवानगीशिवाय तो उकरता येत नाही, हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यापासून ठरलेलं आहे. पण विजेचा कायदा, २००३ हा वीज परवानाधारकाला कामासाठी रस्ता खोदण्याचे अधिकार देतो. दूरसंचाराच्या बाबतीत २०१६ मध्ये केंद्राने राइट ऑफ वे नियम आणले. स्थानिक संस्थेने अर्जावर ६० दिवसांत होय किंवा नाही सांगायचं, आणि काहीच सांगितलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या जागी आले, तरी सूत्र तेच आहे. देशातल्या इतर शहरांची गोष्टही याहून फार वेगळी नाही. थोडक्यात, महापालिकेला सहसा ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘कधी’, ‘कुठून’, ‘कसं’ आणि ‘किती पैसे भरून’ एवढंच ठरवता येतं. परवानगीची तपासणी म्हणजे या चार शब्दांवर चाललेली घासाघीस.

समजा, एका वीज कंपनीला एका रस्त्याकडेने तीनशे मीटर केबल टाकायची आहे. अर्जासोबत मार्गाचा आराखडा येतो. चराची लांबी, रुंदी, खोली, रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी, काँक्रीटचा की पेव्हर ब्लॉकचा, काम किती दिवसांचं. विभाग कार्यालयातला परिरक्षणाचा अभियंता पहिल्यांदा काय बघत असेल? सांडपाण्याची वाहिनी. पाणी दाबाखाली वाहतं, वीज आणि फायबर वळवता येतात, पण मलवाहिनीतलं पाणी केवळ उतारावर चालतं. तिला ना वर उचलता येतं, ना वळण देता येतं. म्हणून रस्त्याखालच्या वस्तीत तिचा मान पहिला, आणि बाकीच्यांनी तिच्या आजूबाजूला जागा शोधायची. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९८ हे मार्गदर्शक याच विषयावर आहे. शहरी रस्त्यांखाली कोणती वाहिनी किती खोल आणि कुणापासून किती अंतरावर असावी ते त्यात दिलं आहे. पुस्तकात ही मांडणी सुबक दिसते. गिरगावातल्या एखाद्या गल्लीत ती अंमलात आणायची, तर आधी गल्ली रुंद करावी लागेल.

मग जागेवर पाहणी होते. संबंधित खात्यांचे लोक जमतात, चुन्याची फक्की पडते, शंका असेल तिथे ट्रायल पिट घेतला जातो. ट्रायल पिट म्हणजे हाताने खणलेला छोटा खड्डा, केवळ खाली काय आहे हे पाहण्यासाठी. कुणी याला वेळकाढूपणा म्हणतं, पण यंत्राने खोदण्याआधी दोन तास हाताने खणणं ही या सगळ्या धंद्यातली सर्वांत स्वस्त विमा पॉलिसी आहे. वाहतूक पोलिसांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. रुंद रस्त्यावर काम रात्रीच करा, एका वेळी एवढ्याच मीटरचा चर उघडा, लोखंडी पत्रे टाकून दुकानांची वाट ठेवा, अशा अटी तिथून येतात. शेवटी आकारणी. चर बुजवून रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च आणि देखरेखीचा खर्च लांबी-रुंदीवर आणि पृष्ठभागावर मोजला जातो. रस्ता दोषदायित्व कालावधीत असेल, म्हणजे बांधणाऱ्या कंत्राटदाराची हमी अजून चालू असेल, तर फाईल वरच्या पायऱ्या चढते. कारण एकदा दुसऱ्याने त्यात चर मारला, की पुढच्या प्रत्येक खड्ड्याला पहिला कंत्राटदार म्हणणार, ‘आमचं नाही, त्यांचं.’

यात आणखी एक अदृश्य अर्जदार असतो, तो म्हणजे पाऊस. मुंबईत मे महिना सरत आला की नव्या खोदाईला परवानगी बंद होते आणि उघडे चर बुजवण्याची घाई उडते. गळती, केबल जळणं, गॅसचा वास अशी तातडीची कामं तेवढी अपवाद. या अपवादाच्या दारातून पुष्कळ अतातडीची कामं आत शिरतात, हे या व्यवस्थेतलं उघड गुपित आहे. पाऊस ओसरता ओसरता गणपती येतात. मांडवासाठी रस्त्यात खड्डा खणला तर दंड असतो, आणि २०२५ मध्ये महापालिकेने तो खड्ड्यामागे २,००० वरून १५,००० रुपये केला. मंडळांनी गदारोळ केला, दंड पुन्हा २,००० वर आला. न्यूयॉर्कमध्ये खोदाईबंदी वेगळ्या सणाच्या निमित्ताने येते. नाताळच्या खरेदीच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या मध्यापासून नववर्षापर्यंत, मॅनहॅटनच्या गजबजलेल्या रस्त्यांवर खोदाईला स्थगिती असते.

न्यूयॉर्कमध्ये नव्याने डांबरीकरण झालेला रस्ता पाच वर्षं ‘संरक्षित’ समजला जातो. त्या काळात तो फोडायचा तर जास्त शुल्क आणि बुजवण्याचे कडक नियम. सॅन फ्रान्सिस्कोमध्येही नव्या रस्त्याला पाच वर्षांचं अभय आहे. पण त्या शहराच्या नियमांत याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज, गॅस, पाणी, दूरसंचार अशा सर्वांनी पुढच्या पाच वर्षांत कोणता रस्ता खोदणार याचा आराखडा आधीच द्यायचा. रस्त्याचं डांबरीकरण ठरलं की सर्वांना कळवलं जातं, ‘काय खणायचं ते आत्ताच खणा.’ परवानगी नाकारण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं आहे. अर्ज येईपर्यंत वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही, कारण तोवर केबल खरेदी झालेली असते, कंत्राट दिलेलं असतं आणि ग्राहकाला तारीख सांगून झालेली असते.

इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. तिथे १९९१ च्या कायद्याने कंपन्यांना केवळ सूचना देऊन खोदता यायचं. २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याने परवाना पद्धतीला वाट करून दिली. लंडन आणि केंट इथल्या योजना २०१० च्या जानेवारीत सुरू झाल्या. कामं दिवसांवर वर्गवारीने बसवली: तीन दिवसांपर्यंतची किरकोळ, चार ते दहा दिवसांची साधारण आणि त्याहून मोठी. मोठ्या कामासाठी तीन महिने आधी अर्ज. पण इंग्रजांनी सर्वांत जोराचा धक्का दिला तो २०१२ मध्ये, लंडनच्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यांवर. रस्त्याचा भाग अडवला तर रोजचं भाडं द्या, दिवसाला जास्तीत जास्त २,५०० पौंड. रात्री काम करा, सुट्टीच्या दिवशी करा, भाडं टळेल. रस्ता अडवणं म्हणजे दुसऱ्याचा वेळ फुकट वापरणं, हे कंपनीच्या हिशेबखात्यात पहिल्यांदा आकड्याने दिसलं.

खोदणं हे या नाटकातलं पहिलं पात्र असलं, तरी नाटक बिघडतं ते बुजवण्यात. रस्ता म्हणजे वरची डांबराची चादर नव्हे. खाली दाबून बसवलेले खडी-मुरुमाचे थर असतात. चर खणला की हे थर तुटतातच, शिवाय चराच्या काठांचा आधार निघून जातो आणि आजूबाजूचा शाबूत वाटणारा रस्ताही आत सरकू लागतो. माती परत टाकताना पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर करून प्रत्येक थर यंत्राने ठोकायला हवा. प्रत्यक्षात उकरलेली माती एकदाच ढकलून, वर डांबर ओतून, ट्रक निघून गेला, तर पहिल्या पावसात माती बसते, वर खोलगट पट्टा उमटतो, त्यात पाणी साचतं आणि ते खालच्या थरात झिरपतं. हेल्मेट घालून त्या पट्ट्यावरून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला स्थापत्यशास्त्राचं ज्ञान नसतं, पण पाठीचा कणा त्याला सगळं समजावून सांगतो.

किती फरक पडतो? सॅन फ्रान्सिस्कोने १९९० च्या दशकात आपल्याच रस्त्यांचा अभ्यास केला. तीनपेक्षा कमी चर पडलेल्या रस्त्याचं अपेक्षित आयुष्य २६ वर्षं होतं. तीन ते नऊ चर पडले तर १८ वर्षं. नऊहून जास्त, तर १३. चर नीट बुजवला तरी रस्त्याचं आयुष्य कापलं जातं, हे त्या शहराने आकड्यात मांडलं आणि शुल्काच्या बाजूने उभं केलं. आपल्याकडे आकारणी चराच्या क्षेत्रफळाची होते, गेलेल्या वर्षांची होत नाही.

बुजवायचं कुणी, हाही प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये खोदणारी कंपनीच बुजवते आणि दोन वर्षांची हमी देते, खोल चरासाठी तीन वर्षांची. हमीच्या काळात नमुने काढून तपासता येतात, थर कमी भरला तर पुन्हा खोदा. मुंबईत सर्वसाधारणपणे महापालिका पैसे घेते आणि आपल्या कंत्राटदाराकडून चर भरून घेते. कागदावर हे अधिक जबाबदारीचं वाटतं. प्रत्यक्षात खोदणारा एक, भरणारा दुसरा, मूळ रस्ता बांधणारा तिसरा आणि खड्डा पडला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. त्यामुळे निदान ‘कुणाचा खड्डा?’ या प्रश्नाला आता पैशांचं वजन आलं आहे.

सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांनी हा प्रश्न आणखी चिघळवला. महापालिका शेकडो किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करत आहे. डांबर कसंबसं ठिगळ मानतं, काँक्रीट मानत नाही. तुकडा फोडला तर खरं म्हणजे सांध्यापासून सांध्यापर्यंतचा पूर्ण पॅनेल बदलायला हवा, आणि नवं काँक्रीट पुरेसं पक्कं होईपर्यंत रस्ता बंद. म्हणून काँक्रीटीकरणाच्या वेळीच बाजूने वाहिन्यांसाठी डक्ट घालण्याची शिस्त हवी. बंगळुरूमध्ये टेंडरशुअर या मानकांनी सेंट मार्क्स रोडसारखे काही रस्ते असे बांधले की पदपथाखाली वाहिन्यांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि ठरावीक अंतरावर झाकणं. नवी केबल टाकायची तर झाकण उघडायचं, रस्ता नव्हे. जपानमध्ये १९६३ पासून वाहिन्यांच्या सामायिक बोगद्यांसाठी स्वतंत्र कायदाच आहे. पण बोगदा बांधायचा म्हणजे रस्ता एकदाच, पण पुरता उघडायचा. आधीच दाटीवाटीच्या मुंबईत हे प्रत्येक रस्त्यावर होणार नाही, हे मान्य करायला हवं.

मग न खोदता? जमिनीखालून आडवं भोक पाडत केबल ओढणारी यंत्रं आता सर्रास वापरली जातात, आणि परवानगी देणाऱ्याला ती आवडतात, कारण रस्ता वरून शाबूत राहतो. पण हे यंत्र आंधळं असतं. अमेरिकेत अशा पद्धतीने टाकलेल्या गॅसवाहिन्या घरांच्या मलवाहिन्यांतून आरपार गेल्याची प्रकरणं आहेत. वर्षांनी मलवाहिनी तुंबते, प्लंबर कापणारी तार आत घालतो आणि गॅसची नळी चिरतो. खाली काय आहे याचा नकाशा नसेल, तर चर न खणण्याचं तंत्रज्ञान धोका फक्त नजरेआड करतं.

नकाशाकडे सगळे येऊन थांबतात. ब्रिटनमध्ये जमिनीखाली सुमारे ४० लाख किलोमीटर वाहिन्या आहेत आणि दर सात सेकंदांना कुठेतरी एक खड्डा खणला जातो, असं तिथलं सरकार सांगतं. वर्षाला सुमारे ६०,००० वेळा चुकून वाहिनीला धक्का लागतो. म्हणून तिथे सर्व मालकांच्या वाहिन्या एकाच डिजिटल नोंदवहीत आणण्याचं काम हाती घेतलं. अमेरिकेत २००७ पासून देशभर एकच क्रमांक आहे, ८११. खोदण्याआधी फोन करा, कंपन्यांचे लोक येऊन आपापल्या रंगाने खुणा करतात: वीज लाल, गॅस पिवळा, दूरसंचार नारिंगी, पिण्याचं पाणी निळं, मलवाहिनी हिरवी.

भारतात २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं. खोदणाऱ्याने जागा कळवायची, तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना संदेश जातो. देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटतात आणि त्यात अंदाजे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं. कल्पना उत्तम. अडचण एवढीच की हे ॲप एखाद्या वाहिनीला तेवढीच ओळखतं, जेवढी तिच्या मालकाने नोंदवली आहे. चर बुजवताना वाहिनीची प्रत्यक्ष जागा आणि खोली मोजून नोंदवण्याची सक्ती, आणि ती नोंद आल्याशिवाय अनामत परत नाही, एवढी एक अट परवान्यात काटेकोर पाळली तरी दहा वर्षांत शहराचा खालचा नकाशा आपोआप तयार होईल. त्यासाठी वेगळा प्रकल्प, सल्लागार आणि उद्घाटनाची फीत लागणार नाही.

तोवर एक गोष्ट कुणालाही करता येते. परवान्याने काम चालू असेल तर चराशेजारी फलक असायला हवा. कोणाचं काम, परवान्याचा क्रमांक, सुरुवात कधी, शेवट कधी. पुढच्या वेळी दारासमोर पिवळे बॅरिकेड दिसले की तो फलक वाचा आणि शेवटची तारीख लक्षात ठेवा. फलकच नसेल, किंवा तारीख उलटून चर उघडाच असेल, तर मुंबईत महापालिकेचा तक्रार क्रमांक १९१६ आहे.